घराच्या किल्ल्या घरातच: इंदूरमध्ये कौटुंबिक संगणक-सुरक्षेचा व्यवसाय कसा उभारावा

इंदूरच्या सुदामा नगरात, राजेंद्र नगरात किंवा लोकमान्य नगरात मी या कामासाठी ज्या घरांत जातो, त्यांतल्या बऱ्याच घरांची स्थिती एकसारखी आढळते. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला नोकरीला असतो. त्याने काही वर्षांपूर्वी घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर काका पेन्शन, मुदत ठेवी आणि विजेचे बिल पाहतात, आणि सुटीत आलेली नातवंडे त्याच लॅपटॉपवर खेळ उतरवतात. लॅपटॉपला पासवर्ड नसतो. राउटर बसवणाऱ्या माणसाने घरचा मोबाइल क्रमांकच वाय-फायचा पासवर्ड म्हणून ठेवलेला असतो, आणि तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला व त्याच्या मित्रांनाही ठाऊक असतो. यंत्र बंद पडले तर जेल रोडवर दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत आणि पैसे गेले तर बँक व पोलिस आहेत. परंतु काहीच बिघडलेले नसताना घरी येऊन सगळे नीट पाहणारे कोणी नाही. हा व्यवसाय त्या रिकाम्या जागेत उभा राहतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर बेतलेली आहे. एखादे कुटुंब तुम्हाला घरात घेते तेव्हा ते आपल्या पैशांच्या, छायाचित्रांच्या आणि खासगी पत्रव्यवहाराच्या कुलपापाशी तुम्हाला उभे करत असते. म्हणून कामाची पद्धतच अशी हवी की, त्या कुलपाची किल्ली तुमच्या हातात कधी येऊच नये. तुम्ही प्रामाणिक आहात, हे पुरेसे नाही. उद्या त्या घरात काही गैरप्रकार घडला तर पासवर्ड ठाऊक असलेल्यांच्या यादीत तुमचे नाव असता कामा नये.

कामाची हद्द आधी ठरवा

आपण काय करणार आणि काय करणार नाही, हे एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून काढा. घरातल्या संगणकांची, मोबाइलची, राउटरची व कॅमेऱ्यांची तपासणी, खात्यांची सुरक्षा, बॅकअपची व्यवस्था, घरातल्यांचे प्रशिक्षण आणि फसवणूक झालीच तर पहिल्या तासातली मदत एवढी कामे स्वीकारावीत. यंत्राची दुरुस्ती, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणे आणि नवे यंत्र विकणे यांपासून मी दूर राहतो. यंत्र विकणारा माणूस जेव्हा ‘हे जुने झाले, बदला’ असे सांगतो तेव्हा त्या सल्ल्यावर शंका येणे स्वाभाविक असते, आणि आपला सल्ला नि:शंक राहिला पाहिजे.

तीन कामांना ठाम नकार द्यावा. पहिले म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर बसवणे. सुट्या भागांतून तयार केलेल्या संगणकांवर विंडोज व ऑफिस फुकट ‘ॲक्टिव्हेट’ करणारी जी साधने वापरली जातात, ती चालवण्यासाठी बहुधा सुरक्षा-प्रणाली बंद करावी लागते, आणि अशाच साधनांतून व्हायरस घरात शिरतो. दुसरे म्हणजे पती, पत्नी किंवा सज्ञान मुलांवर गुपचूप पाळत ठेवणारे ॲप बसवणे. तिसरे म्हणजे शंभर टक्के सुरक्षिततेची हमी देणे, कारण ती कोणीही देऊ शकत नाही.

स्वतःची तयारी आणि कागदपत्रे

पहिले तीन महिने स्वतःच्या आणि दोन-तीन नातेवाइकांच्या घरी हे काम करून पाहावे, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो आणि कुठे अडते हे कळते. सोबत आपला लॅपटॉप, एक नेटवर्क केबल, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह, छापील पत्रके आणि कोरे लिफाफे एवढे साहित्य पुरते. आपल्या लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असावी. दहा घरांत फिरणारा पेन ड्राइव्ह एका घरातला रोग दुसऱ्या घरात नेऊ शकतो, म्हणून तो केवळ वाचता येईल अशा कुलपाचा घ्यावा किंवा प्रत्येक भेटीनंतर नव्याने तयार करावा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांकडे जाऊ नये. दुकान किंवा कार्यालय थाटायचे असेल तर मध्य प्रदेशात गुमास्ता, म्हणजे दुकान व आस्थापनेची, नोंदणी लागते. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही.

याहून महत्त्वाचा कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. त्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे बेकायदेशीर आहे, आणि अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. करारान्वये काम करताना हाती आलेली खासगी माहिती संमतीवाचून, गैरलाभ किंवा नुकसान घडवण्याच्या हेतूने उघड केल्यास कलम ७२-अ लागू होते. म्हणून लेखी संमतिपत्राशिवाय कीबोर्डला हात लावू नये. कोणती यंत्रे पाहणार, काय बदलणार, कोणती माहिती नोंदवणार आणि ती किती दिवस ठेवणार, हे त्यात लिहिलेले असावे आणि एक प्रत घरी राहावी.

पैसे देणारा आणि वापरणारा

इंदूरच्या मराठी कुटुंबांत या सेवेची चौकशी बहुधा परगावी असलेला मुलगा किंवा मुलगी करते आणि पैसेही तीच देते. यंत्र मात्र आई-वडील वापरतात. येथे नवा व्यावसायिक सहज चुकतो. मुलगा मोठ्या काळजीने सांगतो, ‘बाबांच्या लॅपटॉपवर असे काही बसवा की मला इथून केव्हाही पाहता येईल.’ त्यामागची माया खरी असते, पण वडिलांना न विचारता तसे करणे अन्यायाचे आहे आणि धोक्याचेही आहे, कारण केव्हाही उघडता येणारे दूरनियंत्रण हे चोरालाही हवेच असते. संमतिपत्रावर सही वापरणाऱ्याची घ्यावी. दूरवरून मदत करायचीच असेल तर प्रत्येक वेळी वडील स्वतः परवानगीचे बटण दाबतील आणि काम संपताच ती जोडणी तुटेल, अशीच व्यवस्था करावी. मुलाला तपासणीचा अहवाल पाठवण्यापूर्वीही आई-वडिलांना विचारावे. ‘काका, यातले काय कळवू आणि काय नको?’ एवढ्या एका प्रश्नाने घरात जो विश्वास निर्माण होतो, तो कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीला तीन तास राखून ठेवावेत. आल्याआल्या यंत्राकडे वळू नये. आधी कागद घेऊन घरातल्या सर्वांसोबत बसावे आणि कोणती यंत्रे आहेत, कोणती खाती आहेत, कोणते खाते कोणत्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आहे, याची यादी करावी. अनेकदा येथेच असे लक्षात येते की काकूंच्या बँक खात्याला जोडलेला क्रमांक दोन वर्षांपूर्वीच बंद झाला आहे. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, त्यामुळे ही बाब त्याच आठवड्यात बँकेत जाऊन दुरुस्त करायला सांगावी. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते. तेही याच वेळी पाहून घ्यावे.

त्यानंतर ईमेल. बहुतेक जण आधी अँटीव्हायरसचा विचार करतात. मी ईमेल पहिले घेतो, कारण इतर बहुसंख्य खात्यांचे विसरलेले पासवर्ड ईमेलवरच बदलून मिळतात. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची खाती यायला वेळ लागत नाही. नवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) सुरू करावी, खाते परत मिळवण्यासाठीचा क्रमांक तपासावा, अनोळखी यंत्रांवरील प्रवेश बंद करावा आणि आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. पासवर्ड नेहमी घरच्या माणसाने टाइप करावा. मी सांगतो, ‘काकू, तुम्हीच टाइप करा, मी तोंड फिरवून बसतो’, आणि खरोखर तसा बसतो. ताक, कंदील, नर्मदा, पायरी अशा चार असंबद्ध मराठी शब्दांची रोमन लिपीत केलेली गुंफण लांब असते आणि लक्षातही राहते. मात्र शब्द त्यांचे त्यांनी निवडावेत, तुम्ही सुचवलेले नकोत.

तरुणांना बिटवॉर्डनसारखा पासवर्ड व्यवस्थापक, म्हणजे सर्व पासवर्ड कुलपात जपणारे ॲप, शिकवावा. सत्तरीच्या पुढच्यांना मी वही देतो. पासवर्ड कागदावर लिहू नयेत हा नियम कार्यालयांसाठी योग्य आहे. घरात मात्र कपाटातल्या कुलपात ठेवलेली वही ही सर्व खात्यांना एकच पासवर्ड लावण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असते. बँकेचा पिन आणि यूपीआय पिन तेवढे त्या वहीत नसावेत.

मोबाइलची तपासणी सर्वांत सावकाश करावी, कारण अलीकडची फसवणूक बहुतांशी तिथूनच होते. व्हॉट्सॲपची द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सहा अंकी पिन लावावा आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव आढळल्यास काढून टाकावे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा बँकेची सूचना म्हणून येणारी एपीके फाइल प्रत्यक्षात एक ॲप असते आणि ते ओटीपी वाचू शकते. म्हणून अनोळखी स्रोतांतून ॲप बसवण्याची परवानगी बंद करावी आणि कोणत्या ॲपला संदेश वाचण्याची व ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (पडदा वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची) परवानगी दिलेली आहे ते एकेक करून पाहावे. कुणाच्या तरी सांगण्यावरून बसवलेले, आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप राहून गेले असेल तर ते काढावे. बँकेच्या ॲपमध्ये दैनंदिन व्यवहाराची मर्यादा घरखर्चापुरती खाली आणता येते, आणि हा एकच बदल पुढचे मोठे नुकसान टाळू शकतो.

राउटरला दोन पासवर्ड असतात, हे बहुतेक घरांत कोणाला माहीत नसते. एक वाय-फायचा आणि दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो. दोन्ही बदलावेत, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा छोटा पिन वापरून वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करावे आणि बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय खुली असल्यास तीही बंद करावी. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा. भाडेकरू, टीव्ही आणि कॅमेरे यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क काढून द्यावे. घरात लहान मुले असतील तर राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस पत्ता (संकेतस्थळे शोधून देणाऱ्या सेवेचा क्रमांक) घालता येतो. तो घातक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळे अडवतो. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलल्यावर, शयनगृहाच्या दिशेने वळलेला कॅमेरा खरोखर हवा आहे का, हेही घरच्यांना विचारावे.

आता संगणक. विंडोज १० साठीचे मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय दिलेली आहे, पण ती आपोआप लागू होत नाही, नोंदणी करावी लागते. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असेल आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर विंडोज ११ वर जावे. जे यंत्र तेवढे सक्षम नाही आणि ज्यावर केवळ बातम्या, ईमेल आणि भजने पाहिली जातात, त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी विनामूल्य प्रणाली बसवता येते. मात्र आधी प्रिंटर चालतो का आणि देवनागरी टंकलेखन होते का हे पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. अपडेट किती मोलाचे असतात याचे उदाहरण ग्राहकाला मे २०१७ च्या वॉनाक्राय या, फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्याचे द्यावे: त्या हल्ल्याने जी फट वापरली, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते.

संगणकावर रोजच्या वापराचे खाते साधे असावे आणि प्रशासकाचे, म्हणजे मोठे बदल करण्याचा अधिकार असलेले, वेगळे. प्रशासकाचा पासवर्ड घरच्यांनी ठरवून लिफाफ्यात बंद करावा. विंडोजमधली अंगभूत डिफेंडर ही सुरक्षा-प्रणाली नीट चालू असेल तर घरगुती वापराला ती पुरते, त्यामुळे विकतचा अँटीव्हायरस घेण्याचा आग्रह मी धरत नाही. डिस्क कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली छापून त्याच लिफाफ्यात घालावी. यंत्राने ती मागितली आणि ती कुठेच सापडली नाही, तर यंत्राच्या मालकालाही आपली माहिती परत मिळत नाही.

शेवटी बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क जोडावी, प्रती काढाव्यात आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तडाख्यात संगणकाबरोबरच सापडते. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा मुलाच्या घरी असावी. त्यानंतर एक जुने छायाचित्र घरच्यांसमोर बॅकअपमधून परत आणून दाखवावे, कारण परत आणून पाहिल्याखेरीज बॅकअप झाला असे म्हणता येत नाही.

मुले

मुलांसाठी गूगल फॅमिली लिंक किंवा मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. ती बसवताना मूल समोर असावे आणि काय दिसणार, किती वेळ मिळणार हे त्याला सांगितलेले असावे. लपवून लावलेले बंधन मुलाला कळतेच, आणि मग ऑनलाइन कोणी त्रास दिला तरी ते घरात सांगत नाही.

फसवणुकीच्या दिवसाची तालीम

प्रत्येक घरात फ्रिजवर एक पत्रक लावून यावे. त्यावर १९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा, त्याखाली बँकेच्या कार्डामागे छापलेला क्रमांक, आणि मग तुमचा. हा क्रम बदलू नये. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवायचे असतील तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि तुमची वाट पाहण्यात तो वेळ जाता कामा नये. त्यानंतर इंटरनेट बंद करणे, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवणे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवणे, ही कामे तुम्ही सोबत बसून करून घ्यावीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम असा होता की, ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळवले, तर ग्राहकावर दायित्व येत नाही; ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. हा फरक घरात आधीच समजावून सांगितलेला असावा.

‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे खोटा पोलिस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतो त्या फसवणुकीची, तालीम तोंडी घ्यावी. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसेही मागत नाही. तशी तरतूदच कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हा विषय काढून थांबण्याचा, विचार करण्याचा आणि मग कृती करण्याचा सल्ला दिला होता, तो बहुतेक ज्येष्ठांना आठवतो. मी पोलिसाची भूमिका घेऊन काकांना दटावतो आणि त्यांनी फोन ठेवायचा असतो. सुशिक्षित, सभ्य माणसाला समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे जड जाते, आणि चोर नेमका त्याच सभ्यतेचा फायदा घेतो. म्हणून ही कृती दोन-तीनदा प्रत्यक्ष करून घ्यावी. ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांना कधीही ‘तुम्ही असे कसे केले’ असे विचारू नये. लाजेपोटी लोक उशिरा सांगतात आणि त्या उशिरातच पैसे जातात.

दर आणि वेळ

समजा, वार्षिक वर्गणी ४,००० रुपये ठेवली आणि तीत एक मोठी व तीन छोट्या भेटी दिल्या. शंभर घरांचे वर्षाला ४ लाख रुपये होतात. मोठी भेट अर्धा दिवस घेते, म्हणजे त्यांना ५० दिवस. छोट्या ३०० भेटी दिवसाला तीन याप्रमाणे १०० दिवस. उरलेल्या दिवसांत अचानक येणारे फोन, नवे ग्राहक आणि स्वतःचा अभ्यास बसवावा लागतो. यावरून दिसते की एकट्या माणसाने शंभराच्या फार पुढे जाऊ नये. इंदूरचा पसारा लक्षात घेता एका दिवशी एकाच भागातली घरे घ्यावीत, नाहीतर पेट्रोलबरोबर दिवसही वाया जातो.

छोट्या भेटींचे वेळापत्रक फसवणुकीच्या हंगामाशी जुळवावे. जुलैत आयकर विवरणाच्या सुमारास परताव्याचे खोटे संदेश येतात. नोव्हेंबरमध्ये पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा ‘तुमचा दाखला अडला आहे’ असे फोन येतात. म्हणून पेन्शनधारकांच्या घरी ऑक्टोबरच्या अखेरीस जाऊन यावे.

पहिले दहा ग्राहक

भीती विकू नका. घाबरवून घेतलेला ग्राहक पुढच्या वर्षी राहत नाही, आणि घाबरवणे हे तर चोराचे तंत्र आहे. गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडळाकडे, ज्येष्ठ नागरिक संघाकडे किंवा भजनी मंडळाकडे अर्ध्या तासाचे विनामूल्य व्याख्यान मागून घ्यावे, त्यात व्हॉट्सॲपचा पिन सगळ्यांकडून तिथल्या तिथे लावून घ्यावा आणि आपली जाहिरात एका वाक्यात संपवावी. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्याही फोनमध्ये त्या दिवशी एक कुलूप बसते, आणि मला ते वर्गणीइतकेच मोलाचे वाटते.

नोंदी, आणि सेवा थांबवताना

तुमच्या दप्तरात यंत्राचे नाव, भेटीची तारीख, केलेले बदल आणि पुढची तपासणी एवढेच असावे. पासवर्ड, ओटीपी, खाते क्रमांक किंवा आधारची प्रत यांतले काही चुकून व्हॉट्सॲपवर आले तर लगेच पुसावे, पाठवणाऱ्यालाही पुसायला सांगावे, आणि पासवर्ड असेल तर तो बदलून घ्यावा. कुटुंबाने सेवा बंद केली तर शेवटच्या भेटीत यंत्रांवर तुमचे कोणतेही खाते किंवा दूरनियंत्रणाची जोडणी उरलेली नाही हे त्यांना दाखवावे, लिफाफा कपाटात जागेवर असल्याची खात्री करावी, नोंदींची प्रत हाती द्यावी आणि आपल्याकडची प्रत संमतिपत्रात लिहिलेल्या मुदतीत नष्ट करून तसे लेखी कळवावे.